निळा पडदा आणि नवी अवजारे : बारामती-इंदापूर परिसरातील प्रोग्रामिंग-अध्यापनाच्या संदर्भात आयडीईंची चिकित्सा

प्रस्तावना

प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी ज्या पडद्यासमोर बसतो, तो पडदा हाही अभ्यासक्रमाचाच एक भाग असतो. मात्र पाठ्यपुस्तकाची जशी चिकित्सा होते, तशी या पडद्याची होत नाही. प्रोग्राम लिहिण्याचा संपादक, तो यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा कंपायलर आणि त्यातील चुका शोधणारा डीबगर ही तीन साधने एकाच खिडकीत एकत्र आणणाऱ्या प्रणालीस ‘आयडीई’ म्हणतात. व्यावसायिक प्रोग्रामर या प्रणालींची तुलना वेग, सोयी व जोड-सुविधा यांच्या आधारे करतात. अध्यापकाची कसोटी मात्र वेगळी असावयास हवी. प्रस्तुत लेखात बारामती व इंदापूर तालुक्यांतील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ही कसोटी मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ मध्ये आणि विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये सुरू झाले. नीरा-भीमेच्या खोऱ्यातील शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली एस.टी.ने येऊन येथे शिकत आली आहेत. यांपैकी अनेकांच्या हाती मोबाईल असतो. परंतु घरी संगणक नसतो. त्यामुळे प्रयोगशाळेतील दोन-तीन तास हाच त्यांचा खरा सराव ठरतो. त्या वेळेत कोणते अवजार त्यांच्या हाती द्यावयाचे, हा म्हणूनच केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

निळ्या पडद्याचे गुण

महाराष्ट्रातील दोन पिढ्यांनी प्रोग्रामिंग शिकले ते टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. त्याचे मूळ बोरलँड कंपनीच्या १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये आहे. त्या काळी संपादक व कंपायलर वेगवेगळे चालवावे लागत. अँडर्स हेल्सबर्ग यांनी लिहिलेल्या कंपायलरमुळे ही कामे एकाच ठिकाणी आणि अल्प किमतीत होऊ लागली. पुढे १९८७ मध्ये टर्बो सी व १९९० मध्ये टर्बो सी++ आले. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने सी भाषा देशभर पोहोचवली, तेव्हा बहुसंख्य वाचकांसमोर हाच निळा पडदा होता.

या साधनाची आज सरसकट हेटाळणी होते, ती न्याय्य नाही. कंट्रोल व एफ-९ दाबले की प्रोग्राम चालतो, एफ-७ ने एकेक ओळ पुढे सरकते आणि एफ-१ ने मदत मिळते. इंटरनेट, नोंदणी वा जोड-सुविधा यांपैकी कशाचीही गरज भासत नाही. पहिल्याच तासाला विद्यार्थ्याला स्वतःच्या प्रोग्रामचे उत्तर पडद्यावर दिसते. नवशिक्याच्या दृष्टीने हा गुण फार मोठा आहे.

निळ्या पडद्याची मर्यादा

मर्यादा आहे ती काळाची. सी++ भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. टर्बो सी++ ३.० ही प्रचलित आवृत्ती त्यापूर्वीची आहे. परिणामी ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ या ज्या दोन गोष्टी विद्यार्थी मंत्रासारख्या पाठ करतो, त्या सी++ च्या आजच्या कंपायलरला मान्य नाहीत. नेमस्पेस, प्रमाणित लायब्ररीतील व्हेक्टर, एवढेच नव्हे तर ‘बूल’ हा साधा प्रकारही त्यास ठाऊक नाही. चौसष्ट-बिट विंडोजवर तो थेट चालत नाही. डॉसबॉक्समध्ये जुन्या यंत्राचा आभास निर्माण करून तो चालवावा लागतो.

येथे एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. एका प्रात्यक्षिक परीक्षेत एका विद्यार्थ्याने कारखान्यावर आलेल्या उसाच्या वजनांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला होता. माळेगाव, सोमेश्वर वा भवानीनगरच्या वजनकाट्यावरील रांग पाहत वाढलेल्या मुलाला हे उदाहरण सुचणे स्वाभाविकच होते. दोन वाहनांतील प्रत्येकी २०,००० किलो उसाची बेरीज पडद्यावर उणे २५,५३६ अशी आली. प्रोग्रामची रचना निर्दोष होती. टर्बो सी++ मध्ये पूर्णांकाला सोळा बिटे मिळतात आणि ३२,७६७ च्या पुढील संख्या त्यात मावत नाही, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. “सर, घरी मोबाईलवर बरोबर आलं होतं,” एवढेच तो म्हणाला. मोबाईलवरील कंपायलर पूर्णांकास बत्तीस बिटे देतो, म्हणून तेथे ४०,००० हे उत्तर आले. गुणपत्रकावर मात्र उत्तर चुकीचे म्हणूनच नोंदले गेले.

या प्रसंगातील दोष केवळ साधनाचा नाही. साठवणुकीची मर्यादा शिकवण्यास यासारखे उत्तम उदाहरण मिळणार नाही. मात्र ते उदाहरण म्हणून शिकवले जावे लागते. पडद्याला प्रमाण मानून विद्यार्थ्याला दोषी ठरवले, तर त्याचा संगणकावरचा नव्हे, स्वतःच्या तर्कावरचा विश्वास उडतो.

नव्या प्रणाली : सोय आणि ओझे

२००१ मध्ये आयबीएमने एक्लिप्स खुल्या स्वरूपात उपलब्ध केले. नेटबीन्सचा उगम १९९६ मध्ये प्राग येथील चार्ल्स विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात झाला. या दोन्ही प्रणालींनी जावाच्या अध्यापनात स्थान मिळवले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणले. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२३ च्या सर्वेक्षणात सुमारे ७४ टक्के प्रतिसादकांनी ते वापरत असल्याचे सांगितले. या साधनाचे नेतृत्व करणारे एरिक गॅमा पूर्वी एक्लिप्सच्या जडणघडणीत अग्रभागी होते. ते ज्या टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहिले गेले, तिच्या रचनेत पुन्हा अँडर्स हेल्सबर्ग यांचाच प्रमुख वाटा आहे. म्हणजेच निळा पडदा आणि आजचा काळा पडदा यांत वाटते तेवढे वैर नाही. ज्यांनी पहिला घडवला, त्यांनी स्वतः तो केव्हाच मागे सोडला. आपण मात्र तेथेच थांबलो.

तथापि, लोकप्रिय साधन अध्यापनास योग्य असतेच असे नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा मुळात संपादक आहे. सी++ साठी कंपायलर वेगळा बसवावा लागतो, त्याचा मार्ग यंत्रास सांगावा लागतो आणि डीबगरसाठी स्वतंत्र मांडणी करावी लागते. पहिल्या सत्रातील विद्यार्थी या खटाटोपातच अडकला, तर ‘लूप’ समजण्यापूर्वीच तास संपतो. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी स्मृती लागते, शिवाय प्रकल्पाचे घटक उतरवून घेण्यासाठी इंटरनेटही लागते. जुनी यंत्रे आणि खंडित वीज असलेल्या प्रयोगशाळेत या साधनाची खरी परीक्षा होते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शब्द अर्धा लिहिताच उरलेला सुचवणारी सोय आता पूर्ण प्रोग्रामच सुचवू लागली आहे. गिटहब कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाले. अनुभवी प्रोग्रामरचे श्रम त्यामुळे वाचतात. नवशिक्याचे मात्र शिकणेच वाचते. टर्बो सी++ मध्ये अर्धविराम विसरला तर तो स्वतः शोधावा लागे. त्या शोधात वेळ जाई, परंतु वाचण्याची सवय लागे.

यांच्या मधली वाटही उपलब्ध आहे. १९९९ पासून विकसित होत आलेले ब्लूजे वस्तू आणि वर्ग यांचे नाते चित्ररूपाने दाखवते. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात घडलेले थॉनी पायथनसह बसते आणि पदावलीचे मूल्य टप्प्याटप्प्याने कसे निघते ते दाखवते. कोडब्लॉक्स हे कंपायलरसह बसवता येते आणि इंटरनेटशिवाय चालते. यांची जाहिरात फारशी होत नाही. पण शिकणाऱ्याचा विचार करून निवड करावयाची तर प्रथम यांच्याकडेच पाहावे लागेल.

देवनागरीचा प्रश्न

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. टर्बो सी++ च्या पडद्यावर मराठी अक्षर उमटत नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र ‘वजन’ किंवा ‘बेरीज’ अशी नावे चलांना देता येतात, तसेच वापरकर्त्याने ‘१२’ असे देवनागरी अंक लिहिले तरी त्यांचे संख्येत रूपांतर करता येते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात परकी भाषा आणि परके तर्कशास्त्र यांच्याशी एकाच वेळी झुंजावे लागते. त्यातील एक भार यामुळे हलका होऊ शकतो. पुढे इंग्रजी नावांकडे वळावे लागणारच; परंतु उंबरठा ओलांडल्यानंतर.

समारोप

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या परिसरात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग झाले आणि २०२५ च्या प्रारंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी त्यांची दखल घेतली. ज्या परिसरातील ऊस नव्या तंत्राने मोजला जातो, त्याच परिसरातील विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये त्या उसाचे वजन उणे येऊ नये, एवढी अपेक्षा रास्त ठरावी.

उपरोक्त विवेचनावरून तीन कसोट्या मांडता येतात. पहिली, साधन इंटरनेटशिवाय व साध्या यंत्रावर चालावे. दुसरी, त्याने भाषेचे आजचे प्रमाण रूप शिकवावे. तिसरी, चूक लपवण्याऐवजी ती दाखवून समजावून घेण्यास वाव द्यावा. त्यानुसार प्रथम वर्षी थॉनी व कोडब्लॉक्स, द्वितीय वर्षापासून व्हिज्युअल स्टुडिओ कोड आणि कृत्रिम साहाय्य केवळ अंतिम वर्षाच्या प्रकल्पात, असा क्रम सुचवावासा वाटतो. तसेच प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तराइतकेच गुण डीबगरच्या साहाय्याने चूक शोधून दाखवण्यास असावेत.

असे गुण असते, तर त्या विद्यार्थ्याला उणे २५,५३६ या संख्येचे कारण शोधण्याची संधी मिळाली असती आणि कदाचित ते त्याने आम्हा परीक्षकांनाच समजावून सांगितले असते. अवजार बदलणे सोपे आहे. त्यासोबत परीक्षेची पद्धत बदलण्याची तयारी आपण अध्यापकांनी दाखवली, तरच त्या बदलास अर्थ येईल.