ओ'केली घराणें व केली आडनांव : प्रमाणांची छाननी

जॉन ओडोनोव्हन यांनीं हाय मेनी प्रांतांतील कुळें व त्यांचे रीतिरिवाज सांगणारा एक जुना आयरिश लेख भाषांतर, टीपा व नकाशा यांसह इ. स. १८४३ मध्यें डब्लिन येथील आयरिश पुरातत्त्व मंडळातर्फे प्रसिद्ध केला. तेव्हांपासून केली या आडनांवाचा विचार बहुतेक या एकाच ग्रंथाभोंवतीं फिरत आला आहे. हाय मेनी म्हणजे गॉलवे परगण्याचा पूर्व भाग व रॉसकॉमनचा दक्षिण भाग मिळून होणारा मुलूख. ओ'केली हे त्याचे अधिपति. ग्रंथाच्या शीर्षकांतच त्या प्रांताची ओळख 'ओ'केलींचा मुलूख' अशी करून दिलेली आहे. पुढें पुढें केली नांवाचा कोणीहि मनुष्य, मग त्याचे पूर्वज टिपेररीचे असोत कीं डेरीचे, या अधिपतींचा वंशज समजला जाऊं लागला. ढालचिन्हें रंगवून विकणाऱ्या दुकानदारांनीं हा समज पक्का केला. तो कितपत टिकतो, आणि ज्या साधनांवर तो उभा आहे तीं साधनें कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतात व कोणत्या प्रश्नाचें देत नाहींत, हें येथें पाहावयाचें आहे.

प्रथम नांवाविषयीं. मूळ आयरिश रूप 'ओ क्यॅली'; त्यांतील 'ओ' म्हणजे नातू, व पुढें वंशज. क्यॅलख नांवाच्या पुरुषाचे वंशज ते ओ'केली. क्यॅलख या शब्दाचा अर्थ पॅट्रिक वुल्फ यांनीं आपल्या १९२३ च्या आडनांवकोशांत युद्ध अथवा कलह असा धरला. दुसरे कोणी तो 'क्यॅल' म्हणजे देवालय या शब्दाशीं जोडतात. आणखी कोणी तेजस्वी मस्तकाचा असा अर्थ करतात. तिन्ही व्युत्पत्त्या शक्य आहेत, आणि तिहींपैकीं एकीनेंहि प्रस्तुत प्रश्नावर कांहीं प्रकाश पडत नाहीं. महत्त्वाची गोष्ट इतकीच कीं क्यॅलख हें जुन्या आयर्लंडांत राजे, भिक्षु व सामान्य जन या सर्वांत प्रचलित असलेलें व्यक्तिनाम होतें. अशा नांवाचा एकच मूळपुरुष असावा ही अपेक्षाच मुळांत विचित्र आहे. ब्रायन बोरू राजानें हुकूम काढून आडनांवें सुरू केलीं, ही जी आख्यायिका वारंवार सांगितली जाते तीहि टाकूनच दिली पाहिजे. ब्रायन १०१४ मध्यें क्लोंटार्फच्या रणांत पडला, आणि आयरिश शकावलींत ओ'क्लेरी या आडनांवाची नोंद ९१६ या वर्षीं आढळते.

त्याच क्लोंटार्फच्या लढाईंत हाय मेनीचा अधिपति ताइग मोर ओ'केली ब्रायनच्या बाजूनें लढतां लढतां मारला गेला. घराण्याचा मूळपुरुष क्यॅलख हा नवव्या शतकांतला. येथून पुढें या घराण्याची परंपरा अखंड व भरघोस आहे, व तिचें कारणहि उघड आहे. १३५१ च्या नाताळांत विल्यम ओ'केली यानें आयर्लंडांतील झाडून सर्व कवींस आपल्या घरीं मेजवानीस बोलाविलें. त्या प्रसंगावर गॉफ्री फिन ओ'डॉली या त्या काळच्या थोर कवीनें रचलेलें काव्य उपलब्ध आहे. याच शतकाच्या अखेरीस मुर्खेर्टाक ओ'केली, जो १३७८ पासून क्लॉनफर्टचा बिशप व १३९३ पासून १४०७ पर्यंत टूअमचा आर्चबिशप होता, त्याच्यासाठीं एक प्रचंड पोथी लिहिली गेली. तीच 'हाय मेनीची पोथी'. ज्या घराण्यानें कवी पोसले, लेखक बसविले व चर्मपत्रें पुरविलीं त्याची वंशावळ उत्तम जतन व्हावी यांत नवल नाहीं. परंतु ती वंशावळ आश्रयदात्याची आहे, आडनांवाची नव्हे. ओडोनोव्हन यांना हा भेद पूर्ण ठाऊक होता. ज्यांनीं त्यांचा ग्रंथ न वाचतां नुसता उद्धृत केला त्यांना तो कधींच कळला नाहीं.

ओडोनोव्हन यांच्या कामाची थोरवी कमी लेखण्याचा हेतु मुळींच नाहीं. भूमापन खात्याच्या नोकरींत त्यांनीं आयर्लंडांतील गांवें पायीं तुडविलीं होतीं. ग्रामनामें, शिवा, पडक्या देवळांच्या जागा यांविषयींच्या त्यांच्या टीपा आजहि अनुपेक्षणीय आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानांत धरावी. त्यांचा पाठ हाय मेनीच्या पोथीवरून घेतलेला नसून स्लायगो परगण्यांत मॅक फर्बिस घराण्यानें लिहिलेल्या लेकनच्या पोथीवरून घेतलेला आहे. हाय मेनीची पोथी त्या वेळीं इंग्लंडांत बकिंगहॅमच्या ड्यूकच्या स्टो येथील संग्रहांत होती. १८४९ मध्यें तो संग्रह लॉर्ड अॅशबर्नहॅम यांच्या हातीं गेला, आणि तेथें असेपर्यंत आयरिश पंडितांस त्यांतील पोथ्या पाहावयास मिळणें अत्यंत दुर्घट झालें. अखेर १८८३ मध्यें सरकारनें त्यांतील आयरिश पोथ्या विकत घेऊन डब्लिनच्या रॉयल आयरिश अॅकॅडमींत ठेवविल्या, तेव्हां ती पोथी स्वदेशीं परत आली. व १९४२ मध्यें आयरिश हस्तलिखित आयोगानें मॅकलिस्टर यांच्या प्रस्तावनेसह तिची छायाप्रत काढली. ज्या घराण्यासाठीं पोथी लिहिली गेली त्याच घराण्याच्या इतिहासाचा पाया घालतांना ती पोथी कामास आली नाहीं. आमच्या वाचकांत संग्राहक पुष्कळ आहेत. कुलूपबंद दप्तराची किंमत संशोधनाला कशी मोजावी लागते, हें त्यांस निराळें सांगावयास नको.

आतां इतर ओ'केलींकडे वळूं. वुल्फ यांच्या कोशांतच हाय मेनीखेरीज मीथमधील ब्रेगा, डेरी, स्लायगो, नैर्ऋत्य कॉर्क, लीश व विकलो येथील परस्परांशीं संबंध नसलेलीं ओ'केली कुळें दिलीं आहेत. ब्रेगाचे ओ'केली एके काळीं हाय मेनीच्या ओ'केलींहून कमी नव्हते. अँग्लो-नॉर्मन आक्रमणानंतर त्यांची सत्ता मोडली, आश्रित लेखक गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची स्मृतीहि विरळ झाली. यांच्या भरीस क्वीली, कीली अशीं मुळांत निराळ्याच पूर्वजांवरून आलेलीं आडनांवें. इंग्रजी कारकुनाच्या कानास तीं केलीसारखींच वाटलीं, व कित्येक ठिकाणीं तशींच लिहिलीं गेलीं. सतराव्या-अठराव्या शतकांत 'ओ' गळून पडल्यावर हीं सर्व कुळें एकाच 'केली' शब्दांत मिसळून गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वभाषेच्या चळवळीबरोबर ओ'ब्रायन, ओ'सलिव्हन इत्यादिकांनीं आपला 'ओ' परत घेतला. केलींनीं तो फारसा घेतला नाहीं. आयर्लंडचे दुसरे राष्ट्राध्यक्ष शॉन टी. ओ'केली (१९४५–१९५९) हे त्या बाबतींत अपवादच म्हणावे लागतील.

संख्येचा प्रश्न प्रथम शास्त्रशुद्ध रीतीनें हाताळला तो जन्ममृत्यु नोंदणी खात्याचे रॉबर्ट मॅथेसन यांनीं. १८९० सालच्या जन्मनोंदींची अनुक्रमणिका घेऊन त्यांनीं प्रत्येक आडनांवाचीं मुलें मोजलीं व जन्मप्रमाणावरून एकंदर लोकसंख्येचा अंदाज बांधला. हा अहवाल १८९४ मध्यें निघाला. त्यांत मर्फी पहिले (१,३८६ जन्म, अंदाजें ६२,६०० माणसें), व केली दुसरे (१,२४२ जन्म, अंदाजें ५५,९०० माणसें). डब्लिन, गॉलवे, मेयो व रॉसकॉमन या परगण्यांत केलींची दाटी विशेष. यावरून लगेच असें म्हटलें जातें कीं पहा, गॉलवे व रॉसकॉमन, म्हणजे हाय मेनीच! पण डब्लिनचें काय? तेथील केली हे राजधानींत पोटापाण्यासाठीं आलेले सर्व प्रांतांचे लोक, शेजारच्या विकलो व मीथचे वंशजहि त्यांत आलेच. शिवाय १८४१ मध्यें आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती. मोठा दुष्काळ व त्यानंतरचें देशांतर यांमुळें ती १८९१ मध्यें ४७,०४,७५० वर आली, आणि या संहाराचा घाव पश्चिमेवर सर्वांत खोल बसला. अशा मुलखाच्या १८९० च्या नकाशावरून अकराव्या शतकांतील वसाहत ठरविणें म्हणजे पूर ओसरल्यावर उरलेल्या झाडांवरून मूळची राई मोजण्यासारखें आहे. मॅथेसन यांनीं स्वतः असा दावा केलेला नाहीं. त्यांचें काम नोंदणी कारकुनांच्या सोयीसाठीं होतें, व त्या मर्यादेंत तें निर्दोष आहे.

मग जुनें प्रमाण कोठें शोधावें? सतराव्या शतकासाठीं १६५९ ची गणना म्हणून ओळखलें जाणारें एक दप्तर आहे. शेमस पेंडर यांनीं तें १९३९ मध्यें छापलें. त्यांत प्रत्येक तालुक्यांतील मुख्य आयरिश आडनांवें व त्यांची संख्या दिलेली आहे. परंतु कॅव्हन, गॉलवे, मेयो, टिरोन व विकलो या पांच परगण्यांचीं पत्रें नष्ट झालेलीं आहेत. म्हणजे जेथें केलींचा शोध घ्यावयाचा त्यांपैकीं तीन परगणे नेमके गळालेले. एकोणिसाव्या शतकाची स्थिति त्याहून वाईट. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचे मूळ कागद, थोडे अपवाद सोडून, ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत डब्लिनचें दप्तरखाना उडाला तेव्हां जळाले. १८६१ व १८७१ चे कागद सरकारनेंच नष्ट केले होते. १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धांत लगद्यासाठीं गेले. आज उरले आहेत १९०१ व १९११ चे, आणि १८४७ ते १८६४ या काळांतील ग्रिफिथ यांची जमीन-आकारणी. आकारणींत कुळाचें नांव असतें, घरांतील माणसें नसतात. या तुटपुंज्या सामग्रीवर रंगीत नकाशे काढून त्याखालीं 'उगमस्थान' असें लिहिणारे लेखक मोठे धाडसी खरे.

एडवर्ड मॅक्लायसॅट यांचा १९५७ चा आयरिश घराण्यांवरील ग्रंथ या बाबतींत पुष्कळच सावध आहे. ओ'केलींचीं अनेक स्वतंत्र कुळें होतीं हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. तरीहि त्या ग्रंथाची मांडणी, म्हणजे एक आडनांव, एक मजकूर व सोबत एक ढालचिन्ह, ही वाचकास उलट दिशेस नेते. लेखकानें अक्षरांत दिलेला इशारा चित्रानें पुसून टाकला. (या थोर पंडिताचें स्वतःचें जन्मनांव लायसॅट, 'मॅक' १९२० च्या सुमारास परत लाविलेला.)

आडनांव व रक्त हीं दोन निरनिराळीं प्रमाणें आहेत, याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासाशीं निगडित आहे. असईच्या रणांत १८०३ मध्यें शिंदे-भोसल्यांशीं लढलेला आर्थर वेलस्ली हा आयर्लंडांतील मीथ परगण्याच्या घराण्यांतला. त्याचा आजा रिचर्ड मुळांत कॉली आडनांवाचा; गॅरेट वेस्ली या आप्ताची मालमत्ता मिळाल्यावर १७२८ मध्यें त्यानें वेस्ली हें नांव घेतलें. पुढें वडील भाऊ रिचर्ड यानें 'वेलस्ली' हें जुनें रूप उचललें, आणि आर्थरहि १७९८ पासून तशी सही करूं लागला. दोन पिढ्यांत आडनांव दोनदां बदललें, तेंहि असल्या दप्तरसंपन्न घराण्यांत. मग ज्या शेतकऱ्याजवळ कागदच नाहीं त्याच्या आडनांवाच्या आठशें वर्षांच्या सातत्याविषयीं आपण काय बोलावें?

या प्रश्नावर अलीकडे एक नवें साधन हातीं आलें आहे. बापाकडून मुलाकडे जाणारें वाय गुणसूत्र तपासून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतील मॅकएव्हॉय व ब्रॅडली यांनीं २००६ मध्यें ४३ आयरिश आडनांवांच्या १,१२५ पुरुषांची परीक्षा प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा कीं ओ'सलिव्हन व रायन यांसारख्या आडनांवांत एक प्रमुख मूळपुरुष दिसतो. मर्फी व केली यांच्यांत मूळपुरुष अनेक, आणि त्यांच्या आजच्या संख्येचें कारणहि बहुधा तेंच. केली पुष्कळ आहेत याचें कारण हाय मेनीचें घराणें फळलें-फुललें हें नव्हे, तर क्यॅलख नांवाचे पुरुष पुष्कळ होते हें आहे. आणखी एक गोष्ट त्याच लेखांत आहे, व ती अधिक बोचरी. एक मूळपुरुष असलेल्या आडनांवांतहि आजच्या धारकांपैकीं सुमारें अर्ध्याहून अधिक लोक त्याचे पुरुषपरंपरेनें वंशज आढळले नाहींत. दत्तक, मामाकडचें नांव, आश्रयदात्याचें नांव, विवाहबाह्य संतति असे मार्ग अनेक. हें साधन कागदाची जागा घेणार नाहीं. कोणता क्यॅलख कोठला हें तें सांगूं शकत नाहीं. परंतु कागदानें ज्यांस वगळलें त्यांची साक्ष तें देतें, आणि म्हणून इतिहासकारानें नाक मुरडून त्याकडे पाठ फिरवूं नये.

आयर्लंडाबाहेर गेलेल्या केलींविषयीं थोडेंच लिहितों. ऑस्ट्रेलियांत १८८० मध्यें फांशीं गेलेला दरोडेखोर नेड केली याचा बाप दोन डुकरें चोरल्याबद्दल १८४१ मध्यें टिपेररींतून हद्दपार झालेला होता. हाय मेनीच्या सिंहासनाशीं त्याचें नातें जोडण्यास कसलाहि आधार नाहीं. अमेरिकेंत हें आडनांव आफ्रिकी वंशाच्या लोकांतहि बरेंच आहे, व त्यांतील अनेकांच्या बाबतींत तें मळेवाल्या मालकाकडून आलें असण्याचा संभव मोठा. मॅन बेटावरील केली मूळचे 'मॅक' परंपरेचे, तेथीलच. मँक्स भाषेचें व्याकरण व कोश रचणारा जॉन केली (१७५०–१८०९) हा त्यांतला. इंग्लंडांत डेव्हन परगण्यांतील केली घराणें तर केली नांवाच्या गांवावरून ओळखलें जातें. तें ग्रामनाम राई या अर्थाच्या जुन्या केल्टिक शब्दापासून आलेलें मानतात, व त्याचा क्यॅलखशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां खरी निकड आहे ती लेकनच्या पोथींतील पाठ व हाय मेनीच्या पोथींतील वंशावळी शेजारीं शेजारीं ठेवून पाठभेद देणाऱ्या, आणि ब्रेगा व लीश येथील ओ'केलींचे शकावल्यांतील विखुरलेले उल्लेख एकत्र करणाऱ्या आवृत्तीची. हाय मेनीच्या पोथीचीं निम्म्याहून अधिक पत्रें हरवलीं आहेत. जीं वांचलीं त्यांपैकीं चार लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत दुसऱ्याच एका हस्तलिखितांत बांधलेलीं आहेत, आणि बाकीचीं डब्लिनांत.