स्थलांतरिताची भाषा आणि अस्मिता : खान्देशातील साहित्याच्या संदर्भात

प्रस्तावना

खान्देशातील साहित्याची चर्चा बोलीच्या अंगाने बरीच झाली आहे. अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली अशा बोलींचे शब्दसंग्रह, लोकगीते आणि व्याकरणविशेष यांचा अभ्यास अनेकांनी केला आहे. मात्र या चर्चेमागे एक गृहीतक असते. बोली ही गावात राहणाऱ्याची, शेतात राबणाऱ्याची भाषा मानली जाते. गाव सोडून शहरात गेलेला माणूस प्रमाण मराठी बोलू लागला की त्याची भाषा 'खान्देशी' या सदरातून बाद होते. परिणामी बहिणाबाई चौधरी यांची कविता खान्देशी भाषेचा नमुना म्हणून वाचली जाते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' मात्र बहुधा अस्तित्ववादी किंवा पिढीच्या वैफल्याची कादंबरी म्हणून वाचली जाते.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. स्थलांतराने बोली फक्त नष्ट होते असे नाही. तिचे मोल बदलते, आणि हे मोल बोलीच्या अंगभूत गुणावर नव्हे, तर माणूस कोठे गेला यावर ठरते, असे येथील प्रतिपादन आहे.

खान्देशाचा भाषिक नकाशा आणि स्थलांतराच्या वाटा

१९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खान्देशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. भाषेच्या दृष्टीने धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण-मालेगाव हा पट्टा अहिराणीचा आहे. यावल, रावेर, भुसावळ या भागात लेवा बोलीचे प्राबल्य आहे. या दोन बोली एक नव्हेत. अहिराणीत 'मी जास' असे क्रियापद आणि 'आहे'च्या जागी 'शे' येते. लेवा बोलीची ठेवण वऱ्हाडीला जवळची आहे. 'माले-तुले' किंवा 'मले-तुले' हा 'ले' प्रत्यय मात्र दोहोंत आढळतो. बहिणाबाईंच्या कवितेला सरसकट अहिराणी म्हणण्याची चूक अद्याप होते, म्हणून हा भेद प्रारंभीच नोंदविणे आवश्यक आहे.

या प्रदेशातून बाहेर पडणाऱ्या वाटा प्रामुख्याने दोन दिशांना जातात. एक दिशा पुणे, मुंबई व नाशिकची : उच्च शिक्षण, नोकरी आणि औद्योगिक वसाहतींतील काम. दुसरी सुरतची. तापी नदी आणि भुसावळ-सुरत लोहमार्ग दोन्ही तिकडेच जातात. सुरतच्या कापड उद्योगात खान्देशातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असून लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत ती ठळकपणे दिसते. यांखेरीज तिसरे स्थलांतर आहे, ज्याला सहसा स्थलांतर म्हटले जात नाही : विवाहानंतरचे स्त्रीचे स्थलांतर. भारतीय जनगणनेनुसार स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हेच आहे.

'कोसला' : परत आलेल्याची भाषा

'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. लेखकाचा जन्म यावल तालुक्यातील सांगवीचा; कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरही त्याच नावाच्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो आणि अखेर अपयश घेऊन गावी परततो. कादंबरीचे निवेदन लेवा बोलीत नाही. ते एका विद्यार्थ्याच्या मराठीत आहे. एवढ्यावरून या निवेदनाचा खान्देशाशी भाषिक संबंध नाही, असे म्हणता येईल काय?

या निवेदनाच्या दोन लकबी सर्वांच्या परिचयाच्या आहेत : 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. समीक्षेने त्यांत तुटकपणा, उपरोध, अर्थशून्यतेची जाणीव पाहिली. ते चुकीचे नाही. परंतु हे शब्द येतात कोठून, हा प्रश्न मागे राहिला. 'उदाहरणार्थ' हा संस्कृत शब्द फळ्यावरचा आहे, व्याख्यानातला आहे. 'वगैरे' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द मराठीत सर्वत्र रुळला असला, तरी ठराव, अर्ज आणि जाहीर पत्रकांची याद्या संपविण्याची सवयही त्यात आहे. हे घरच्या अंगणात शिकलेले शब्द नाहीत. शाळेपासून महाविद्यालयापर्यंत, म्हणजे गावापासून दूर जाण्याच्या मार्गावर, ते अंगी बाणले आहेत.

पांडुरंग हे शब्द वापरतो, पण त्यांचे नेमून दिलेले काम त्यांच्याकडून करून घेत नाही. जेथे उदाहरणाची गरज नाही तेथे 'उदाहरणार्थ' येते. जेथे यादी संपलेली आहे किंवा सांगणे असह्य झाले आहे तेथे 'वगैरे' येते. शिकलेली भाषा त्याला पूर्णपणे अवगत आहे, मात्र तिच्यावर त्याचा विश्वास नाही. पुण्याच्या भाषेत कमी पडलेल्याचे हे बोलणे नव्हे. तीत पारंगत होऊनही तिला आपली न म्हणणाऱ्याचे हे बोलणे आहे. स्थलांतरिताची भाषा म्हणतात ती हीच.

कादंबरी पूर्वस्मृतीच्या रूपात, घडून गेलेल्या आयुष्याकडे वळून पाहत सांगितली आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. पुण्याची भाषा पुण्यात राहिलेली नाही. ती गावी परत आली आहे. बालपण, वडिलांशी असलेला दुरावा आणि मनीचा मृत्यू हे सर्व तिच्यातच सांगावे लागते. गावाची आठवण आहे, परंतु ती सांगण्याची भाषा बाहेरची झाली आहे. पांडुरंगचे परतणे भौगोलिक दृष्ट्या पूर्ण होते, भाषिक दृष्ट्या होत नाही. अस्मितेचा पेच या अपूर्णतेत आहे.

नेमाड्यांच्या पुढील लेखनात हा पेच निरनिराळ्या रूपांत येतो. 'बिढार' (१९७५) या शीर्षकातच मुक्कामाला मुक्काम बदलणाऱ्याचे ओझे आहे. 'झूल' (१९७९) पर्यंतच्या या मालिकेतील चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांत प्राध्यापकी करीत फिरतो. 'हिंदू' (२०१०) मधील खंडेराव पुरातत्त्वाच्या क्षेत्रातून वडिलांच्या आजारपणामुळे गावाकडे वळतो. तिन्ही नायक शिक्षणामुळे दूर गेले आहेत आणि तिन्ही पुरुष आहेत. ही या परंपरेची ताकद असून तिची मर्यादाही आहे.

बहिणाबाई : जवळचे अंतर, दूरचा प्रवास

बहिणाबाईंचा (१८८०-१९५१) जन्म असोद्याचा, सासर जळगावचे. ही दोन्ही ठिकाणे अगदी जवळ असून एकाच बोलीच्या पट्ट्यात आहेत. त्यामुळे त्यांच्या कवितेतील माहेर आणि सासर यांतील अंतर भाषेचे नाही, नात्यातील स्थानाचे आहे. बोली तीच राहते. बोलण्याचा अधिकार बदलतो. पुरुषाच्या स्थलांतरात भाषा बदलते आणि अधिकार वाढण्याची आशा असते; स्त्रीच्या स्थलांतरात भाषा टिकूनही अधिकार आखडतो. म्हणून त्यांच्या कवितेचे वाचन स्थलांतराच्या चर्चेतून वगळणे योग्य ठरत नाही.

खरे लांबचे स्थलांतर या कवितेने स्वतः केले. ती मौखिक होती. घरातील लिहित्या मंडळींनी ती टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर पुत्र सोपानदेव चौधरी यांच्यामुळे ती आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपात आली. तिला मिळालेला मान सार्थ आहे. तथापि या मानाला एक अट चिकटली. बोली ही निरक्षर, स्थिर, मातीशी बांधलेल्या व्यक्तीची असेल तरच सुंदर, अशी धारणा दृढ झाली. कवितेच्या तासाला वाखाणलेले 'मले' विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत आले की त्याखाली लाल रेघ ओढली जाते. लेखनात प्रमाण रूपाची अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. मात्र ती रेघ 'हे येथे चालत नाही' असे सांगते की 'हे अशुद्ध आहे' असे सांगते, यात मोठा फरक आहे.

सुरत : तीच लक्षणे, वेगळे मोल

पुणे हेच मानक धरल्यामुळे खान्देशाच्या भाषिक अनुभवाचा अर्धा भाग दृष्टिआड राहतो. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खान्देशीची मांडणी भिल्ली भाषांसोबत झाली आणि तिचे गुजरातीशी असलेले साम्य पुढे आले. तिच्या वर्गीकरणावर मतभेद आहेत. साम्य मात्र उघड आहे. अहिराणीतील 'गावना, गावनी, गावनं' हे षष्ठीचे प्रत्यय गुजरातीच्या 'नो, नी, नुं' शी जुळतात. 'शे' हे 'छे' च्या जवळचे आहे.

आता अमळनेर किंवा शिंदखेड्याचे दोन तरुण कल्पावेत. एक पुण्याच्या वर्गात बसतो, दुसरा सुरतच्या कापड कारखान्यात काम करतो. पहिला 'शे' म्हणाला तर हशा पिकतो. दुसऱ्याला तेच रूप गुजराती समजून घेण्यास उपयोगी पडते. एकच लक्षण एका शहरात उणीव आहे, दुसऱ्या शहरात सोय आहे. उणीव बोलीत असती तर ती दोन्हीकडे उणीवच राहिली असती.

अस्मितेचा क्रमही येथे बदलतो. पुण्यातील विद्यार्थी मराठी म्हणून निर्विवाद असतो. त्याचे 'खान्देशी' असणे झाकायचे असते. सुरतेत 'मराठी' असणे हीच वेगळी ओळख ठरते. घरात अहिराणी, कामावर हिंदी वा गुजराती आणि मुलाची शाळा बहुधा गुजराती, हिंदी, इंग्रजी वा मराठी यांपैकी एका माध्यमाची, अशा रचनेत प्रमाण मराठी ही घरचीही नसते आणि कामाचीही नसते. शिक्षणासाठी गेलेल्याच्या परतण्याला खान्देशाच्या साहित्याने थोर कादंबरी दिली. पोटासाठी गेलेल्याचे न परतणे मात्र समीक्षेच्या केंद्रस्थानी आलेले नाही.

नोंदणीचा प्रश्न

२००१ च्या जनगणनेत 'खान्देशी' या भाषागटाखाली सुमारे २० लाख ७५ हजार भाषक नोंदले गेले. २०११ मध्ये ही संख्या सुमारे १८ लाख ६० हजार होती. याच दशकात जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३६ लाख ८३ हजारांवरून ४२ लाख ३० हजारांवर, तर धुळ्याची सुमारे १७ लाख ८ हजारांवरून २० लाख ५१ हजारांवर गेली. माणसे वाढली आणि नोंदलेले भाषक सुमारे दहा टक्क्यांनी घटले. याचा अर्थ तेवढ्या लोकांनी बोलणे सोडले असा लगेच काढता येत नाही. जनगणनेतील मातृभाषा ही सांगितलेली मातृभाषा असते. 'अहिराणी' की 'मराठी' असे उत्तर देताना माणूस भाषेबरोबर स्वतःची ओळखही निवडीत असतो. ज्या भाषेला वर्गात हसले गेले, ती प्रगणकासमोर आपली म्हणून सांगण्यास मन कचरले तर आश्चर्य नाही.

निष्कर्ष

१. खान्देशातील बोली आणि स्थलांतर या परस्परविरोधी बाबी नाहीत. बोलीत न लिहिलेली 'कोसला' ही स्थलांतरिताच्या भाषेचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

२. 'उदाहरणार्थ' व 'वगैरे' या लकबी मिळविलेल्या भाषेविषयीचा अविश्वास व्यक्त करतात; अस्तित्ववादी वाचनाला या भाषिक वाचनाची जोड देणे आवश्यक आहे.

३. बहिणाबाईंच्या कवितेचा गौरव करताना बोलीला स्थिरतेशी आणि निरक्षरतेशी जखडणे टाळले पाहिजे. विवाहाने होणारे स्थलांतर हेही स्थलांतरच आहे.

४. पुणे आणि सुरत यांची तुलना दर्शविते की बोलीची प्रतिष्ठा गंतव्य ठिकाण ठरविते.

खान्देशातील महाविद्यालयांच्या वर्गांत आज बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उद्या या ना त्या वाटेने बाहेर जाणार आहेत. प्रमाण मराठी त्यांना आलीच पाहिजे. तिच्यावाचून स्पर्धा परीक्षा, नोकरी व लेखन यांची दारे उघडत नाहीत. परंतु ती शिकविताना घरच्या भाषेला चूक ठरविले, तर विद्यार्थी गाव सोडण्यापूर्वीच भाषेने परका होतो. पांडुरंग सांगवीकराला तो परकेपणा पुण्यात भेटला. आजच्या विद्यार्थ्याला तो जळगाव-धुळ्याच्या वर्गातच भेटू नये, एवढी दक्षता अध्यापकाच्या हाती आहे.