आहार आणि विषाद : एका प्रयोगाचे परीक्षण

अन्नाचा मनाशी संबंध आहे, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे की तीस शास्त्रीय आधार मिळाला असे कळताच तो आधार तपासून पाहण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही. फेलिस जॅका व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला ‘स्माइल्स’ हा प्रयोग म्हणूनच बारकाईने वाचला पाहिजे.

त्याचे श्रेय प्रथम मान्य करावयास हवे. तत्पूर्वीचा बहुतेक पुरावा केवळ निरीक्षणाचा होता. जॅका यांच्याच २०१० सालच्या पाहणीत भाज्या, फळे, मांस, मासे व अख्खी धान्ये खाणाऱ्या स्त्रियांत विषाद व चिंताविकार यांचे प्रमाण कमी आढळले. परंतु खिन्न मनुष्याची अन्नावरची वासनाच उडते, चूल पेटविणेही त्यास जड जाते. तेव्हा निकृष्ट आहार हे कारण की परिणाम, हा प्रश्न अशा पाहणीने सुटत नाही. ‘स्माइल्स’मध्ये विषादग्रस्त व निकृष्ट आहार घेणाऱ्या ६७ व्यक्तींची यदृच्छेने दोन गटांत वाटणी करण्यात आली. एका गटास १२ आठवड्यांत आहारतज्ज्ञाची ७ सत्रे मिळाली. दुसऱ्यास तितकाच वेळ सोबत व गप्पागोष्टी. अखेरीस पहिल्या गटातील ३२.३ टक्के व्यक्ती विषादमुक्त ठरल्या, दुसऱ्यातील ८ टक्के.

हा फरक डोळ्यांत भरतो, आणि शंकेचे मूळही तेथेच आहे. योजना १७६ व्यक्तींची होती. आहारगटातील ३३ पैकी ३१ शेवटपर्यंत टिकल्या, तर तुलनागटातील ३४ पैकी २५ च. आहाराच्या प्रयोगासाठी आलेल्या मनुष्याच्या वाट्यास नुसत्या गप्पा आल्या तर त्याची निराशा होणारच. लक्षणे मोजणाऱ्यास कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु तो जे मोजतो ते बहुतांशी रुग्णाचे स्वतःचे कथन असते, आणि आपण काय खातो हे रुग्णापासून लपविता येत नाही. शिवाय बाजारहाट, स्वयंपाक, आठवड्याचे उद्दिष्ट, ते साधल्याचे समाधान ही सर्व आहारगटाबरोबर आली. गुण डाळीचा की डाळ शिजविण्याचा, हे या रचनेतून कळत नाही.

प्रतिबंधाचा प्रश्न याहून वेगळा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मूडफूड’ प्रयोगात युरोपातील चार देशांतील १,०२५ व्यक्ती होत्या : वजन अधिक, विषादाची सौम्य लक्षणे, परंतु प्रत्यक्ष विकार नाही. वर्षभराच्या पोषक गोळ्यांनी किंवा आहारविषयक समुपदेशनाने विषाद टळला नाही. त्याच वर्षी जोसेफ फर्थ व सहकाऱ्यांनी १६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात विषादाच्या लक्षणांत अल्पसा उतार दिसला, चिंतेत मात्र नाही. असे असता ‘विषाद व चिंता’ हे जोडनाव एका दमात उच्चारण्याची लेखकांची सवय समर्थनीय वाटत नाही.

हा काथ्याकूट निरुपद्रवी नाही. आहार सुधारा म्हणजे विषाद जाईल असे ऐकलेला रुग्ण, विषाद न गेल्यास, दोष स्वतःच्या ताटास देतो. एखादा चालू औषधही सोडतो. वस्तुतः ‘स्माइल्स’मधील बहुतेक व्यक्ती इतर उपचार घेतच होत्या.

आपल्याकडे असा प्रयोग योजावयाचा झाल्यास ऑलिव्ह तेलाची यादी उतरवून घेण्यापेक्षा भाकरी, उसळ व पालेभाज्या जेवणात असणाऱ्या घरांत ‘निकृष्ट आहार’ कशास म्हणावे हे आधी ठरवावे लागेल. आणि तुलनागटास गप्पांऐवजी आहाराइतकेच आशादायक वाटणारे एखादे काम द्यावे लागेल.