बसायला जागा आहे का?

वाशीमच्या माणसाला साहित्यावर टीका करण्याचा वंशपरंपरागत हक्क आहे, असं माझं जुनं मत आहे आणि ऐकणाऱ्याची तयारी नसतानाही मी ते सांगतो. हजार-अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, आणि वत्सगुल्म म्हणजेच आमचं वाशीम. आता ज्यांच्या गावात साहित्याचं लग्न लागलं त्यांना वरपक्ष आणि वधूपक्ष, दोन्हीकडच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचा अधिकार आपसूकच येतो. पंगतीला बसलेला माणूस वरण आळणी होतं हे बोलणारच.

तर हा अधिकार मी गेले तीन महिने मराठी प्रवासवर्णनांवर गाजवतो आहे. त्याला कारण झालं एक बेट.

आमचे चिरंजीव जर्मनीत असतात. "सप्टेंबरात या, आणि येताच आहात तर चार दिवस दोघं कुठंतरी जाऊन या, तिकिटं मी काढतो," असं त्यानं फोनवर सांगितलं. 'कुठंतरी' हा शब्द मराठी माणसापुढे टाकणं धोक्याचं असतं. मी मनातल्या मनात पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड अशी भराभर उजळणी सुरू केली. आमच्या हिनं मात्र मेथी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं, "जिथं काही नसेल तिथं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहायला काही नसेल, घ्यायला काही नसेल आणि ओळखीचं कुणी नसेल. समुद्र असला तर बरा."

या मागणीमागचं दुःख समजायला आमच्या घराची जागा माहीत हवी. घरासमोर मंगल कार्यालय आहे. साहित्यविद्येनंतर गावात जी लग्नं लागली त्यातली निम्मी आमच्या खिडकीखाली लागली असावीत. पूर्वी बँड होता, तेव्हा वाजवणाऱ्यांना दम तरी लागायचा. आता यंत्र वाजतं, त्याला दम लागत नाही. चौतीस वर्षं या बाईनं आमच्याशी जे काही बोलणं केलं ते दोन गाण्यांच्या मधल्या फटीत केलं आहे.

मुलानं शोधून बेट काढलं, त्याचं नाव सिकिनोस. एजियन समुद्रातलं. ग्रीसची माणसं राहणारी बेटं दोनशेच्या वर, त्यातलं हे एक. वस्ती तीनशेच्या आत. विमानतळ नाही, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोटीनं कित्येक तास जायचं. या बेटाची ख्याती अशी की सोलोन नावाचा जो अथेन्सचा थोर कायदेपंडित होऊन गेला, त्यानं सव्वीसशे वर्षांपूर्वी आपल्या अथेन्सकरांना खिजवताना म्हटलं होतं की, असल्या नामुष्कीपेक्षा मी फोलेगांद्रोसचा किंवा सिकिनोसचा रहिवासी असतो तर बरं झालं असतं. म्हणजे सव्वीसशे वर्षांपूर्वीसुद्धा 'कुठलंच नव्हे असं गाव' याचं उदाहरण द्यायचं तर सिकिनोस आठवत होतं. हे ऐकल्यावर आमचा जीव त्या बेटावर जडला. मुंबईत 'वाशीमहून आलो' म्हटलं की "वाशी ना? हार्बर लाइनवर?" हे ऐकत आमचा जन्म गेला आहे. समदुःखी माणसाकडे पाहुणा म्हणून जाण्यात एक आनंद असतो.

आता बेट ठरलं म्हणजे तयारी आली, आणि मराठी मध्यमवर्गात तयारी म्हणजे पुस्तकं. मी गावच्या वाचनालयातून प्रवासवर्णनांचा गठ्ठा आणला आणि रोज संध्याकाळी ही स्वयंपाकाला लागली की खुर्ची ओढून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पहिलं अर्थात 'अपूर्वाई'. १९६० सालापासून महाराष्ट्रात विलायतेला जाणारा आणि न जाणारा, दोघेही हे पुस्तक वाचूनच घरी बसलेले आहेत. पण चौथ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की पु.लं.चा प्रवास हा मुळात देशांतून होतच नाही, माणसांतून होतो. जिथं जातील तिथं माणूस सापडतो, माणूस सापडला की गप्पा आल्या, आणि गप्पा आल्या की मैफल आली. हे त्यांचं मोठेपण आणि आमची अडचण. त्यांना सिकिनोसवर नुसतं उतरवलं असतं तरी तिसऱ्या दिवशी त्या तीनशे लोकांपैकी कोण पेटी वाजवतो आणि कोण नुसताच मान डोलावतो हे त्यांनी शोधून काढलं असतं. हिनं ऐकलं, मनापासून हसली, फोडणी दिली आणि म्हणाली, "छान आहे. पण हे बसतात केव्हा?"

मी म्हटलं, "कोण?"

"हेच. लिहिणारे. नुसते बसतात केव्हा?"

गंगाधर गाडगीळांचं 'साता समुद्रापलीकडे' वाचलं, अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' वाचलं. काणेकर १९४० सालचे, पण गद्याला आजही धूळ लागलेली नाही. गाडगीळांनी तर प्रवासवर्णनाला गॅझेटियरच्या दावणीतून सोडवलं. ही दोन वाक्यं मी पूर्वी कुठं परीक्षणात लिहिली असती तर मला समाधान वाटलं असतं. पण ओट्याकडून तोच प्रश्न आला आणि माझं समाधान टिकलं नाही.

मग मोठ्या आशेनं मीना प्रभूंची 'ग्रीकांजली' काढली. हे तर थेट त्या देशाचंच पुस्तक. मीनाताईंबद्दल बोलताना मी जरा सावरून बसतो. पेशानं डॉक्टर, लंडनला संसार, आणि तरी कुठल्या सहलकंपनीच्या झेंड्यामागे न जाता स्वतःच्या पायांनी जग पाहिलेली बाई. दक्षिण अमेरिका, मेक्सिको, चीन, तुर्कस्तान, इराण, इजिप्त – एवढे देश मराठीत आणून ठेवणं हे काम एखाद्या संस्थेनं केलं असतं तर तिचा सुवर्णमहोत्सव झाला असता. २०२५ साली त्या गेल्या, तेव्हा आमच्याकडच्या वाचणाऱ्या कित्येक बायकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण खरं सांगतो, त्यांची पुस्तकं वाचताना माझे पोटऱ्यांचे स्नायू दुखायला लागतात. देवळं, दंतकथा, राजे, लढाया, जेवण, बाजार – बाई थांबतच नाहीत. वाचणाऱ्याची काही चुकू नये म्हणून इतकं बघतात की आपण एखाद्या पायरीवर टेकलो तर त्या पुढं निघून जातील अशी धास्ती वाटते. शांततेला त्यांच्या पुस्तकात पानं नाहीत असं नव्हे. पण पुढच्या पानावर दोन हजार वर्षांचा इतिहास दाराशी उभा असतो, त्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं?

इथवर आल्यावर मला माझा सिद्धान्त सापडला. मराठी प्रवासवर्णन बसत नाही. पळतं. आणि का पळतं याचाही मी विचार केला. एके काळी परदेशी निघालेल्या माणसाला हातखर्चाला आठ डॉलर नेता येत. आठ डॉलरांत जो माणूस समुद्राकाठी चार दिवस नुसता बसला, त्याला घरच्यांनी दारात घेतलं नसतं. शिवाय हा लेखक एकटा गेलेलाच नसे. त्याच्या खांद्यावर वाशीम, बार्शी, चिपळूण इथले हजारो वाचक बसलेले असत, ज्यांना जन्मात विमानात पाय ठेवता येणार नव्हता. त्या सगळ्यांच्या वाटचं त्याला बघायचं होतं. आयफेल टॉवर किती उंच ते सांगितलं नसतं तर मासिकाला पत्रं आली असती. म्हणजे आपली प्रवासवर्णनं धापा टाकतात ती लेखकाच्या हावेमुळे नव्हे, आमच्यासाठी टाकतात. हे कळल्यावर टीका करणाराच जरा ओशाळतो. पण आज उंची सांगायला खिशातला फोन आहे, आणि नवी पुस्तकं अजूनही उंचीच सांगताहेत, तेव्हा टीका मागं घेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आणखी एक खोड म्हणजे 'अगदी आपल्या अमुकसारखं'. कुठलीही नदी दिसली की कृष्णाकाठ, कुठलाही घाट दिसला की खंडाळा. मी हिला हे दाखवून नाक मुरडलं. त्याच रात्री मुलानं माहिती पाठवली की त्या बेटांवर 'फावा' नावाचा पदार्थ मिळतो, डाळ शिजवून, घोटून, वर कांदा आणि तेल. मी ओरडलो, "अगं, म्हणजे अगदी आपलं घट्ट वरण!" ती काही बोलली नाही. नुसतं पाहिलं.

बेट म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं तेही या निमित्तानं तपासलं. एक आठवतो जंजिरा. हा शब्दच मुळी अरबीतल्या बेटाच्या नावावरून आलेला. आणि दुसरं अंदमान. एक न जिंकलेलं, दुसरं जन्मठेपेचं. ग्रीकांनीही विसाव्या शतकात राजकीय कैदी असल्याच छोट्या बेटांवर नेऊन सोडले होते; सोलोननं ज्याचं नाव घेतलं ते फोलेगांद्रोस त्यातलंच. तेव्हा जिथं काही नाही अशा जागी माणसाला ठेवणं ही शिक्षाच, याबद्दल दोन्ही संस्कृतींचं एकमत दिसतं. ही बाई ती शिक्षा तिकीट काढून मागत होती.

शेवटी बसणारं पुस्तक सापडलं, पण ते परदेशचं नव्हे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आहेच, पण त्यांना बसवलं ते प्रसंगानं. डोक्यावरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली एका यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. काही पाहायला न निघालेल्या माणसानं मराठीतलं सगळ्यांत डोळस प्रवासवर्णन लिहिलं. ते छापून यायला १९०७ साल उजाडलं. खरं बसणारं पुस्तक म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा'. जंगल आमच्या विदर्भातलं. माणूस तिथं जातो, मुक्काम करतो, पाण्यापाशी दबा धरतो आणि पाहत राहतो. वाचकाला शहाणं करण्याची घाई नाही. मी त्यातली काही पानं वाचली तेव्हा ओट्याकडून प्रश्न आला नाही. पाहतो तर गॅस बंद, आणि ही पाटावर बसून ऐकते आहे.

मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "पाहिलंस? बसणारं पुस्तक!"

ती म्हणाली, "हो. आणि तुम्ही इतकी वर्षं वाचून दाखवता, पण मला बसून ऐकायला आज मिळालं."

यावर माझ्याकडे तयार परीक्षण नव्हतं.

त्यानंतर व्हिसाचे कागद आले. जास्त मुक्काम जर्मनीत म्हणून व्हिसा जर्मनीचा. तोच ग्रीसला चालतो. तीस हजार युरोंचा विमा हवा, कुठल्या दिवशी कुठं राहणार ते हवं. मी चार दिवसांचं वेळापत्रक मांडायला घेतलं. पहिला दिवस : गाव (तिथं मुख्य गावाला 'होरा' म्हणतात; आपल्या पंचांगातला होराही ग्रीकच, पण तो शब्द निराळा, हे मी समासात लिहून ठेवलं). दुसरा दिवस : एपिस्कोपी. हे रोमन काळातलं थडगं, त्याचं पुढं चर्च झालं. २०१८ साली तिथं नेइको नावाच्या बाईची न उघडलेली कबर निघाली, दागिन्यांसकट. तिसरा दिवस – इथं माझं पेन थांबलं. बेटावर आणखी काही नव्हतं. मला पहिल्यांदाच भीती वाटली. चार दिवस, समोर समुद्र, आणि आम्ही दोघं. मंगल कार्यालय नाही, वर्तमानपत्र नाही. बोलायचं काय? गठ्ठाभर पुस्तकं मी कशासाठी आणली होती याचा मला थोडा संशय आला.

"तिसऱ्या दिवशी काय लिहू?" मी विचारलं.

"तिथं दुपारी काय असतं?"

उन्हाळ्यात तीन ते साडेपाच आवाज करायला मनाई असते, सप्टेंबरअखेरपर्यंत, असं मी वाचलं होतं. ते सांगितलं. पुण्यात यासाठी दारावर पाटी लावावी लागते, तिथं सरकारी नियम आहे. तिचा चेहरा असा उजळला की पाटल्यांची ऑर्डर दिल्यावरही तो तसा उजळला नव्हता.

"मग तेच लिहा. तीन ते साडेपाच."

रंगीत तालीम म्हणून परवा आम्ही दोघं पद्मतीर्थाच्या काठी जाऊन बसलो. पुस्तक घरी ठेवायची अट होती. पहिली दहा मिनिटं मी वाकाटकांबद्दल सांगितलं. मग आपोआप थांबलो. एक पोरगं पाण्यात खडे मारत होतं. त्याचे खडे संपले, ते गेलं. शेजारी एक म्हातारबा येऊन टेकले, आमच्याकडे पाहून म्हणाले, "काहून बसून राहिले भाऊ? कोनाची वाट पाहून राहिले का?"

"नाही," ही म्हणाली, "असंच."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, पण उठलेही नाहीत. आम्ही तिघंही बराच वेळ तसेच बसलो. अंधार पडायला लागला तसा लांबून कुठल्याशा वरातीचा आवाज यायला लागला आणि ही पदर खोचून उठली.

"जमेल तुम्हाला," ती म्हणाली. "पण ते वाकाटक तेवढे इथंच ठेवून या."