वीरगळ ते वाघदेव : चंद्र-सूर्याची साक्ष

प्रस्तावना :
जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात आखलेल्या चारकोप वसाहतीच्या पश्चिमेस खाडीची खारफुटी, उत्तरेस एक्सर गाव आणि पूर्वेस, महामार्गापलीकडे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मध्ययुगीन धर्मशिल्प व वन्य श्वापदाची आजही चालू असलेली उपासना या परिसरात शेजारी नांदतात. त्यांच्यातील नाते हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचन :
एक्सरच्या वीरगळांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; मात्र त्यांवरील कथन स्पष्ट आहे. नौकायुद्ध, वीरांचे स्वर्गारोहण व शिवपूजा असा क्रम त्यांत दिसतो. कोकणातील गधेगळींच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ (इ. स. १०१२) असा काळ ठरविलेला आक्षीचा शिलालेख हे त्याचे ठळक उदाहरण होय. हे चंद्र-सूर्य शोभेसाठी नसतात; ते असेपर्यंत दान अबाधित राहावे, अशी ती साक्ष असते.

वारली समाजाच्या वाघदेवाच्या लाकडी वा दगडी पटावरही वाघासोबत चंद्र-सूर्य आढळतात. हे साम्य म्हणजे उगमाचा पुरावा नव्हे. तथापि खुणेचे कार्य समान आहे. गधेगळीवर राजा व प्रजा यांच्यातील करार कोरला जातो, तर वाघदेवाच्या पटावर माणूस व श्वापद यांच्यातील. वाघबारशीला शेंदूर व नैवेद्य अर्पून तो नूतन केला जातो. ‘वाघ’ या शब्दात बिबट्याही येतो. म्हणून पट्टेरी वाघ नाहीसा झालेल्या मुंबईतही ही उपासना अर्थहीन ठरत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या १५० स्थानांची नोंद आहे.

लग्नचौकाची विधिचित्रकला कागदावर आणून जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी तिला जगभर नेले. मात्र त्या शैलीचे शहरी अनुकरण पुष्कळदा केवळ आकार उचलते. भिंतीवरचा बिबट्या देखणा असतो. पण त्याच्याशी कोणाचाही करार नसतो.

निष्कर्ष :
वन्यजीव-चित्राचे मूल्यमापन रेखाटनाच्या अचूकतेवर थांबू नये. वाघदेवाचे चित्र जपले आणि त्याचे पाड्यातील स्थान हलविले, तर रूप उरेल, साक्ष उरणार नाही. म्हणून अशा स्थानांचे जतन हा कलासमीक्षेचाही प्रश्न ठरतो.