नक्की नसेल तर 'नाही' म्हणा

कार्यकारी प्रणाली शिकवणाऱ्या शिक्षकाची एक अडचण जुनी आहे. रसायनशास्त्राच्या तासाला परीक्षानळी फुटली तर दुसरी घेता येते. भौतिकीच्या तासाला मंडल चुकीचे जोडून काय होते ते मुद्दाम दाखवता येते. पण प्रयोगशाळेतल्या संगणकाचा गाभा, म्हणजे ज्याला कर्नल म्हणतात तो, उघडावा, त्यातला एखादा भाग काढून टाकावा आणि मग यंत्र सुरू करून पाहावे, असे सांगायला कोणी धजावत नाही. यंत्र सुरूच झाले नाही तर उद्याच्या तासिकेचे काय? त्यामुळे कर्नल फळ्यावरच्या चौकोनांत आणि बाणांत राहतो, आणि परीक्षेत 'कर्नलची कार्ये लिहा' या प्रश्नापुरता उरतो.

या अडचणीवरचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे युजर मोड लिनक्स. जेफ डाइक यांनी १९९९ मध्ये हे काम सुरू केले आणि सप्टेंबर २००२ मध्ये, २.५.३५ या आवृत्तीत, ते लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आले. कल्पना ऐकायला सोपी आहे. कर्नल हाच एक साधा कार्यक्रम म्हणून चालवायचा. तो बांधून झाल्यावर 'लिनक्स' नावाची एक फाइल मिळते. गणकयंत्राचा किंवा पत्ते खेळण्याचा कार्यक्रम जसा सुरू करतो तशीच ती फाइल सुरू करायची. खऱ्या यंत्रावरचा कर्नल यजमान, आणि हा त्याच्या घरी उतरलेला पाहुणा. पाहुण्याने घातलेला गोंधळ यजमानाच्या दृष्टीने एका सामान्य कार्यक्रमाचा गोंधळ असतो. तो बंद केला की संपला.

मात्र या प्रयोगशाळेचे दार अडचणीचे आहे. दार म्हणजे कर्नल बांधण्याआधी भरावी लागणारी पर्यायांची यादी आणि त्या पर्यायांखालचा मदतीचा मजकूर. हे परीक्षण त्या दाराचे आहे.

त्याआधी आतल्या वस्तूविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर तक्रारीचे वजन कळणार नाही. कर्नलला खऱ्या यंत्राकडून काय लागते? घड्याळाचे ठोके, उपकरणांच्या हाका, स्मृती आणि चकती. युजर मोड लिनक्समध्ये यांतल्या प्रत्येकाला यजमानाकडची एखादी साधी सोय नेमून दिली आहे. घड्याळाचा ठोका हा यजमानाने पाठवलेला गजराचा संकेत असतो. उपकरणाची हाक सिगआयओ या संकेतातून येते. स्मृतीचे एखादे पान जागेवर नसले तर खऱ्या यंत्रात प्रक्रियक अडतो आणि कर्नलला उठवतो. इथे सिगसेगव्ही हा संकेत येतो. सी भाषा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी ज्या संकेताने हैराण झालेला असतो तोच हा. पाहुण्याची 'भौतिक' स्मृती ही यजमानाकडची एक फाइल, आणि त्याची चकती ही आणखी एक फाइल. पाहुण्याच्या आत चालणाऱ्या कार्यक्रमाने कर्नलकडे काही मागितले तर ते यजमानाकडे जाता कामा नये. म्हणून सुरुवातीच्या रचनेत पीट्रेस या सोयीने ती मागणी वाटेतच अडवली जाई, तिच्या जागी 'माझा क्रमांक काय' ही निरुपद्रवी मागणी यजमानापुढे ठेवली जाई, आणि खरी मागणी पाहुणा कर्नल पुरी करी. नाटकात राजाच्या जागी विंगेतून दुसऱ्यालाच पुढे ढकलावे तसा हा प्रकार आहे. फळ्यावरच्या प्रत्येक बाणाला इथे हात लावून पाहता येतो. यापेक्षा बरे अध्यापन-साधन आम्हाला सुचत नाही.

आता दाराकडे वळू. लिनक्सच्या कर्नलमध्ये हजारो पर्याय आहेत. युजर मोड लिनक्ससाठी यादी उघडली की त्यांतली यंत्रसामग्रीची बहुतेक प्रकरणे गळून पडतात, आणि नवशिक्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. बऱ्याच पर्यायांना तीन उत्तरे असतात. 'वाय' म्हणजे हा भाग गाभ्यात पक्का बसवा, 'एम' म्हणजे वेगळा ठेवा आणि लागेल तेव्हा जोडा, 'एन' म्हणजे नको. काही पर्याय दुसऱ्यांवर अवलंबून असतात. आजची ही रचना रोमन झिपेल यांनी केली आणि ती २००२ मध्ये कर्नलमध्ये आली. त्याआधी एरिक रेमंड यांनी एक अधिक महत्त्वाकांक्षी रचना पुढे केली होती. पायथन भाषेचे ओझे हा तिच्यावरचा एक आक्षेप होता, आणि ती स्वीकारली गेली नाही. झिपेल यांच्या रचनेत अवलंबित्वाचे नियम नेटके लिहिलेले असतात, ही तिची जमेची बाजू. पण विद्यार्थ्याला ते नियम दिसत नाहीत. अट पुरी झाली नाही की तो पर्याय पडद्यावरून नाहीसा होतो. पुस्तकात वाचलेला पर्याय यादीत का सापडत नाही, याचे उत्तर यादी आपणहून देत नाही. मेनूमध्ये तिरपी रेघ दाबून नाव शोधले तर कशावर काय अवलंबून आहे ते कळते, आणि झेड दाबल्यावर लपलेले पर्यायही दिसतात. शिक्षकांनी ही दोन बटणे पहिल्याच दिवशी सांगावीत.

दुसरी खोच याहून वाईट आहे. बांधणीच्या प्रत्येक आज्ञेत 'आर्क बरोबर यूएम' हे शब्द लिहावे लागतात. यूएम म्हणजे युजर मोड. यादी भरताना ते लिहिले आणि पुढच्या 'मेक' या आज्ञेत विसरले, तर बांधणीची यंत्रणा असे समजते की आपल्याला खऱ्या यंत्राचाच कर्नल हवा आहे. ती भरलेली यादी खऱ्या यंत्राच्या नियमांनी पुन्हा तपासू लागते आणि विद्यार्थ्यापुढे प्रक्रियकाच्या घराण्यापासून नाना प्रश्नांची रांग लागते. तो बिचारा एंटर दाबत राहतो, आणि तासाभराची मेहनत पुसली जाते. यावर उपाय म्हणून 'मिस्टर प्रॉपर' हे लक्ष्य देऊन सगळे धुऊन काढायचे. त्या धुण्यात यादीची फाइलही जाते, हेही आधी ठाऊक असायला हवे. यादी दुसरीकडे उतरवून ठेवणे आणि सत्राच्या आरंभीच आर्क हा चल पर्यावरणात निर्यात करून टाकणे, एवढे केले की हा त्रास टळतो. पण एका शब्दाच्या विसरण्याला इतकी शिक्षा असावी का? यादीच्या फाइलीत ती कोणत्या रचनेसाठी भरली आहे याची नोंद असते. ती नोंद वाचून 'थांबा, ही यादी दुसऱ्या रचनेची आहे' एवढे म्हणणे यंत्रणेला अवघड नव्हते.

आमची मुख्य तक्रार मात्र मदतीच्या मजकुराविषयी आहे. कर्नलच्या पर्यायांखाली एक ठराविक वाक्य पुन:पुन्हा भेटते. त्याचा आशय असा, की तुम्हाला नक्की माहीत नसेल तर 'नाही' म्हणा. कधी 'हो' म्हणा. घाईत असलेल्या यंत्रव्यवस्थापकाला हा सल्ला उपयोगी आहे यात शंका नाही. त्याचे यंत्र सुरू राहायला हवे. पण युजर मोड लिनक्सची यादी भरणारा मनुष्य बहुधा शिकणारा किंवा तपासणारा असतो, आणि त्याला नक्की माहीत नाही म्हणूनच तो इथे आलेला असतो. त्याला अज्ञानाचे उत्तर 'नाही' असे पाठ करायला लावणे म्हणजे प्रयोगवहीत निरीक्षणाच्या जागी आधीच उत्तर छापून देण्यासारखे आहे.

सगळ्या नोंदी वाईट आहेत असे नव्हे. होस्टएफएस या पर्यायाची नोंद वाचावी. यजमानाच्या फाइली पाहुण्याला कशा दिसतील, त्यासाठी जाळे लागत नाही, आणि कोणती आज्ञा द्यायची, हे सारे उदाहरणासह दिले आहे. एका ओळीची भर हवी होती. पाहुण्याला यजमानाच्या त्या सर्व फाइली हाताळता येतात, ज्या त्याला सुरू करणाऱ्या माणसाला हाताळता येतात. कर्नल सुरू करताना होस्टएफएसला एकच निर्देशिका नेमून दिली तर ही मोकळीक आवरते. वर्गात वीस मुले असताना ही ओळ महत्त्वाची ठरते.

कर्नलच्या स्टॅकचे आकारमान ठरवणारा पर्याय पाहा. इथे जो आकडा द्यायचा तो घातांक असतो. दोनाचा तेवढा घात, तितकी पाने. ३ दिले तर ८ पाने, म्हणजे ४ किलोबाइटांच्या पानाने ३२ किलोबाइट. घातांकाचे इतके सुरेख उदाहरण गणिताच्या शिक्षकालाही आवडेल. पण नोंद म्हणते, आहे तेच ठीक आहे, फक्त वॅलग्रिंड हे तपासणीचे साधन वापरणार असाल तर ३ ठेवा. का? स्टॅक अपुरा पडला तर काय घडते? याविषयी एक शब्द नाही.

व्यवस्थापन-कन्सोलच्या नोंदीची कथा वेगळी. बाहेरून पाहुण्याला सूचना देण्यासाठी एम-कन्सोल ही छान सोय आहे. पण तिच्या नोंदीत २.४ मालिकेच्या काळातल्या आवृत्त्यांचे क्रमांक आणि तेव्हाच्या सीव्हीएस भांडाराचा पत्ता होता, आणि कर्नल पाचव्या मालिकेत पोहोचला तरी तो मजकूर तसाच राहिला. जाळ्याच्या प्रकरणातही हेच. जोडणीचे अनेक जुने प्रकार वर्षानुवर्षे यादीत उभे होते, आणि त्यांतला कोणता आता चालतो हे ठरवणे नवख्याच्या नशिबावर सोडलेले होते. २०२५ मध्ये हे जुने प्रकार काढून टाकण्यात आले, ते बरे झाले. नियमांचा भाग चुकला तर बांधणी अडते, म्हणून तो दुरुस्त होतो. मजकूर चुकला तर काहीच अडत नाही, फक्त वाचणारा अडतो.

आता 'एम' या अक्षराचा सापळा, ज्याला आम्ही सापळा न म्हणता उत्तम प्रयोग म्हणू. पाहुण्याची चकती ईएक्सटी४ पद्धतीने मांडलेली आहे असे समजा. यादीत ईएक्सटी४ ला 'एम' द्या, कर्नल बांधा, सुरू करा. पडद्यावर ओळी सरकतील आणि मग कर्नल घाबरून थांबेल. मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही, असा संदेश येईल आणि त्यात कंसात (९८,०) असे आकडे असतील. ९८ हा यूबीडी म्हणजे पाहुण्याच्या चकतीचा क्रमांक. याचा अर्थ चकती सापडली, पण तिच्यावरची लिपी वाचता आली नाही. ती लिपी वाचणारा भाग वेगळा ठेवला आहे, आणि तो ठेवला आहे त्याच चकतीवर. पेटीची किल्ली पेटीत! आता चकतीच्या फाइलीचे नाव द्यायचेच टाळा, आणि मूळ चकती कोणती हे आज्ञेत उपकरणाच्या नावाने सांगितलेले असेल तर कंसातले आकडे (०,०) होतात. चकतीच सापडली नाही. दोन चुका, दोन निरनिराळे आकडे, आणि दोन्ही वेळा यजमान यंत्राला काही होत नाही. कार्यक्रम संपतो, आज्ञेची ओळ परत येते. मग 'वाय' द्या, पुन्हा बांधा, आणि पाहुणा उभा राहतो. खऱ्या यंत्रावर जी चूक म्हणजे एक वाया गेलेली दुपार, ती इथे विद्यार्थी स्वत:च्या इच्छेने करतो आणि तिचे कारण वाचतो. ईएक्सटी४ च्या नोंदीत यातले किती आहे म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही.

डीबगर लावून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. जीडीबीमध्ये पाहुणा चालवला तर तो पावलोपावली सिगसेगव्हीवर थांबतो. पण तो बिघाड नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे पाने आणण्याचे नित्याचे काम त्याच संकेतावर चालते. त्या संकेतावर न थांबता तो पुढे द्यावा, असे जीडीबीला सांगून ठेवावे.

काहींचा आक्षेप असा, की आता ही यादी हाताने भरायचीच कशाला? केयुनिट हे कर्नलच्या चाचण्यांचे साधन ५.५ या आवृत्तीत आले (ती जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली), आणि ते युजर मोड लिनक्सच आपोआप बांधून चालवते. आपण फक्त हवे ते चार-सहा पर्याय एका छोट्या फाइलीत लिहायचे. चाचण्या लिहिणाऱ्यांची यात मोठी सोय आहे, आणि छोट्या फाइलीपासून सुरुवात करण्याची रीत वर्गातही घेण्यासारखी आहे. पण पर्याय नजरेआड केल्याने ते समजत नाहीत. केयुनिटने दार बंद करून खिडकी उघडली आहे. दाराची दुरुस्ती बाकीच आहे.

ती कशी असावी याचा नमुना म्हणून ईएक्सटी४ खालची नोंद आम्ही अशी लिहिली असती: 'चकतीवरच्या फाइली कोणत्या पद्धतीने मांडल्या आहेत हे ओळखणारा हा भाग आहे. तुमची मूळ चकती ईएक्सटी४ असेल तर वाय द्या. एम दिल्यास हा भाग चकतीवर जाईल, आणि चकती वाचण्यासाठी तोच लागत असल्याने कर्नल सुरुवातीलाच थांबेल. तसे झाल्यास संदेशातले कंसातले आकडे पाहा. ते (०,०) असतील तर चकती सापडलेली नाही. दुसरे काही असतील तर बहुधा सापडली आहे पण वाचता आलेली नाही. युजर मोड लिनक्समध्ये हे करून पाहण्यात कोणताही धोका नाही. नक्की माहीत नसेल तर तीनही उत्तरे एकेकदा देऊन पाहा.'