विठाबाईचा सूर कोणी लिहिला?

गाणाऱ्या नटांवरचं बहुतेक मराठी लेखन नाट्यगृहातल्या पुढच्या खुर्च्यांवरून झालं आहे. सिंदफणेकाठच्या शिरूर कासारातून, जत्रेच्या मैदानात पोतं अंथरून बसणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं, तर त्यांच्या कीर्तीचा हिशेब वेगळा लागतो.

बालगंधर्वांची कीर्ती अफाट होती, यात वादच नाही. त्यांचं लुगडं नेसणं, अंबाड्यात फुलं माळणं बघून चांगल्या घरच्या बायका नटायला शिकल्या. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’ची आठवण तर अजून सांगतात. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला आणखी तेज चढलं. या कीर्तीवर चरित्रं आली, आठवणी आल्या, २०११ मध्ये चित्रपट आला. सूर मात्र बहुतेक आरतीचा. त्यांच्या सहचारिणी गोहरबाई कर्नाटकींचा विषय निघाला की हीच लेखणी ओट्यावरच्या शेजारणीसारखी कुजबुजू लागते. बाल्झाकनं १८३० मध्ये ‘सारासीन’ या कथेत स्त्रीरूपात गाणाऱ्या पुरुषाची मोहिनी निर्दयपणे उलगडली होती. आपल्याकडे लुगड्यातला गंधर्व समोर असूनही तेवढं धाडस क्वचितच झालं. कीर्ती आणि असूया हाच विषय करणारं ठळक नाटक म्हणजे दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’. ते आलं १९६७ साली, म्हणजे बालगंधर्व गेले त्याच वर्षी.

तरीही या लेखनातून गंधर्वांचं गाणं ऐकू येतं, हे कबूल करायला हवं. भास्करबुवा बखल्यांची तालीम, थिरकवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी, वन्समोअरला बदललेली जागा, सगळं कुणी ना कुणी टिपून ठेवलं आहे.

आता जत्रेकडे वळू. शिरूर तालुक्यातली कोयत्यावर गेलेली माणसं पाडव्याच्या आगेमागे कारखान्यांवरून परततात. जत्रांचा हंगामही तेव्हाच तापतो. गावोगावचे पंच नारायणगावच्या राहुट्यांमध्ये बसून तमाशाची सुपारी ठरवतात. उचल घेऊन ऊस तोडणारा प्रेक्षक आणि फडमालकाकडून उचल घेऊन गाणारी कलावंतीण रात्री समोरासमोर येतात. गण होतो, गौळण होते, बतावणी, मग पहाटेपर्यंत वग. गाणं, नाट्य आणि सोंग यांचा असा मेळ म्हणजे आमचा ऑपेराच. ढोलकी आणि हलगीच्या कडकडाटावरून आवाज मागच्या बैलगाडीपर्यंत पोचवायचा, तोही माईक नसताना, ही काय साधी तयारी झाली?

या रंगमंचाची सम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, २००२ मध्ये हलाखीत अंत झाला आणि २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. पण त्यांच्याबद्दल महाराष्ट्राला एकच गोष्ट पाठ आहे: प्रयोग चालू असताना त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या.

बालगंधर्वांचीही अशीच गोष्ट आहे. १२ मार्च १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी घरी मुलगी गेली; तरी ते उभे राहिले. गंधर्वांच्या कीर्तीत ही गोष्ट दागिन्यासारखी राहिली, तिच्याखाली गाणं शाबूत होतं. विठाबाईंच्या बाबतीत गोष्टच सगळं व्यापून बसली. आपल्या लेखकांना तमाशात लावणी दिसली, अदा दिसली, दौलतजादा दिसला, कलावंतिणीची फरफटही दिसली. त्या सहानुभूतीला मी कमी लेखत नाही. योगीराज बागुलांसारख्यांनी विठाबाईंचं आयुष्य निष्ठेनं लिहून काढलं, संदेश भंडारे यांच्या कॅमेऱ्यानं तंबूमागचं जगणंही दाखवलं. पण गळ्याची समीक्षा? गंधर्वांच्या एका तानेवर पानं खर्ची पडतात. बाईंनी गौळण कोणत्या पट्टीत उचलली, झीलकरी कुठे सूर धरायचे, वगातल्या विलापात आवाज कुठे मुद्दाम फोडला, यावर परिच्छेदही मुश्किलीनं सापडतो. याचं कारण मला तरी सरळ दिसतं: लिहिणारे ज्या बैठकीत घडले, तिथे तमाशाला ‘गाणं’ मानतच नव्हते. जात त्यात होतीच.

गळ्याच्या या समीक्षेचं काम विद्यापीठाच्या दालनात बसून होणारं नाही. विठाबाईंना साथ केलेले ढोलकीवाले आणि झीलकरी आता थकले आहेत. रात्र-रात्र मैदानात बसून बाईंना ऐकणारे म्हातारे बीड-नगरच्या गावांत अजून भेटतील. त्यांना बाळंतपणाची गोष्ट विचारू नये, चाल विचारावी.